भूसंपर्कन, मोटारगाडीतील

मोटारगाडीतील बॅटरी व जनित्र यांपासून दिवे, भोंगा, प्रज्वलन यंत्रणा इ. साधनांकडे गेलेला विद्युत् प्रवाह परत आणण्यासाठी स्वतंत्र तारेऐवजी गाडीचा पोलादी सांगाडा व एंजिनाचा ठोकळा यांचा संवाहक म्हणून उपयोग करतात. या योजनेस मोटारगाडीतील भूसंपर्कन असे म्हणतात. कारखान्यात बसविलेल्या जोडण्यांखेरीज एंजिनाचा ठोकळा, सांगाडा व बॅटरीचे ऋण अग्र यांदरम्यान जादा तांब्याच्या तारा जोडल्यास गाडीची शक्ती वाढते, इंधन वाचते व एंजिन अधिक सुरळीत चालते, असा दावा अशा तारांचे विक्रेते करतात. सुस्थितीतील गाडीच्या बाबतीत हा दावा विद्युत् शास्त्राच्या मूलभूत नियमांशी जुळत नाही. मूळ जोडणी गंजलेली वा सैल झालेली असल्यास मात्र जादा तारेने स्पष्ट फरक पडू शकतो. परंतु तो दोष दूर झाल्याचा परिणाम असतो, एंजिनाच्या क्षमतेत पडलेली भर नसते.

रचना : नावात ‘भू’ हा शब्द असला, तरी या योजनेचा जमिनीशी संबंध नसतो. रबरी टायरांमुळे गाडी जमिनीपासून जवळजवळ विलग असते. घरगुती विद्युत् मंडलातील भूसंपर्कन सुरक्षिततेसाठी असते व सर्वसाधारण स्थितीत त्यातून प्रवाह वाहत नाही. गाडीतील भूसंपर्कन मात्र मंडलाचाच अर्धा भाग असून त्यातून सतत प्रवाह वाहतो. कारागिरांच्या बोलीत याला नुसते ‘अर्थ’ किंवा ‘अर्थिंग’ म्हणतात.

बॅटरीच्या ऋण अग्रापासून एक जाड तार सांगाड्याला, एंजिनाला किंवा दोहोंना जोडलेली असते. एंजिन रबरी आधारांवर बसविलेले असल्यामुळे ते सांगाड्यापासून विद्युत् दृष्ट्या अलग पडते. म्हणून दोहोंमध्ये विणलेल्या तांब्याची लवचिक पट्टी किंवा जाड तार जोडावी लागते. आरंभक चलित्र (व्यवहारात ‘सेल्फ’ म्हणून ओळखले जाणारे) व जनित्र ही एंजिनावरच घट्ट बसविलेली असल्याने त्यांचा परतीचा मार्ग एंजिनाच्या ठोकळ्यातून जातो. सांगाड्यावरील दिवे, पंखे इत्यादींचा प्रवाह जनित्राकडे परत जाताना वरील पट्टीतूनच जातो. ही एक पट्टी सदोष झाली, तर एकाच वेळी अनेक साधनांत बिघाड दिसू लागतात. [⟶ मोटारगाडी].

ऐतिहासिक आढावा : प्रारंभीच्या गाड्यांत विजेचा उपयोग मुख्यतः ठिणगी पाडण्यापुरता होता. कॅडिलॅक कंपनीच्या १९१२ च्या गाडीत विद्युत् आरंभक चलित्र आले व सांगाड्यातून फार मोठा प्रवाह वाहू लागला. १९३१ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ गाडीत कंपने कमी करण्यासाठी एंजिन रबरी आधारांवर तोलून बसविण्याची पद्धत आली. अशा आधारांचा प्रसार झाल्यावर एंजिन व सांगाडा यांना जोडणाऱ्या पट्टीचे महत्त्व वाढले. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकी गाड्यांत ६ व्होल्ट दाबाऐवजी १२ व्होल्ट दाब प्रचारात आला. त्यामुळे तेवढ्याच शक्तीसाठी लागणारा प्रवाह निम्मा झाला. अनेक ब्रिटिश गाड्यांत १९६० नंतरच्या दशकापर्यंत बॅटरीचे धन अग्र सांगाड्याला जोडीत असत. अर्धसंवाहक एकदिशकारक असलेली जनित्रे आल्यावर ऋण अग्र जोडण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. जादा तारांचे तयार संच विकण्याची प्रथा बरीच अलीकडची असून जपानमध्ये ती विशेष लोकप्रिय झाली. तेथे या जोडणीस ‘अर्थिंग’ या इंग्रजी शब्दावरून बनलेले ‘आशिंगु’ हे नाव आहे.

दाबघटीचे गणित : कोणत्याही संवाहकातून प्रवाह वाहताना त्याच्या दोन टोकांमध्ये विद्युत् दाबाची जी घट होते, ती प्रवाह व रोध यांच्या गुणाकाराइतकी असते. जादा तारेने होणारा कोणताही लाभ ही दाबघट कमी होऊनच होऊ शकतो. म्हणून मूळची दाबघट किती असते, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय.

समजा, एंजिन व सांगाडा यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीचे काटछेदी क्षेत्रफळ १६ चौ. मिमी. व लांबी ४० सेंमी. आहे. तिचा रोध सु. ०·४३ मिलिओहम (एक मिलिओहम म्हणजे ओहमचा हजारावा भाग) येतो. दोन्ही टोकांच्या जोडांचा रोध धरून तो एकंदर १ मिलिओहम मानता येईल. एंजिन चालू असताना दिवे, पंखे इत्यादींसाठी या पट्टीतून ४० अँपिअर प्रवाह वाहत असल्यास दाबघट ०·०४ व्होल्ट, तर उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती १·६ वॉट होते. आता हिला समांतर अशी ८ चौ. मिमी. काटछेदाची एक मीटर लांबीची जादा तार जोडली. तिचा रोध सु. २·१५ मिलिओहम असल्याने दोहोंचा एकत्रित रोध सु. ०·६८ मिलिओहम होतो. दाबघट ०·०४ वरून ०·०२७ व्होल्टपर्यंत उतरते आणि सु. अर्धा वॉट शक्ती वाचते. जनित्राची कार्यक्षमता लक्षात घेता एंजिनावरील भार सु. एक वॉटने कमी होतो. एंजिनाची शक्ती ६० किलोवॉट (सु. ८० अश्वशक्ती) असल्यास ही बचत साठ हजार भागांतील एक भाग होय. चालकाला ती जाणवणे शक्य नाही व नेहमीच्या उपकरणांनी ती मोजताही येत नाही.

एंजिन सुरू करतानाच्या काही सेकंदांत आरंभक चलित्र १५० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह घेते. बॅटरीचे ऋण अग्र सांगाड्याला जोडलेले असल्यास हा सर्व प्रवाह वरील पट्टीतून जातो. तिच्यातील दाबघट या वेळी ०·१५ व्होल्ट असते. जादा तारेमुळे ती ०·१ व्होल्ट होते. आरंभक चलित्राला मिळणाऱ्या सु. १० व्होल्ट दाबात पडलेली ०·०५ व्होल्टची ही भर अर्धा टक्का आहे. एंजिन सुरू झाल्यावर तिचा काहीही संबंध उरत नाही.

प्रज्वलनावरील परिणाम : जादा तारांमुळे ठिणगी अधिक जोरदार पडते व त्यामुळे शक्ती वाढते, असे विक्रेते प्रामुख्याने सांगतात. या विधानाचे दोन भाग स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

स्पर्शबिंदू असलेल्या जुन्या पद्धतीच्या प्रज्वलन वेटोळ्यात ३ ते ४ अँपिअर प्रवाहामुळे सु. ५० मिलिज्यूल ऊर्जा साठते. त्याच्या प्राथमिक मंडलाचा रोध सु. ३ ओहम, म्हणजे ३,००० मिलिओहम असतो. त्यातून एका मिलिओहमचा काही अंश कमी झाल्याने प्रवाह व ऊर्जा यांत लक्षणीय फरक पडत नाही. इलेक्ट्रॉनीय प्रज्वलनात प्रवाह ठराविक मर्यादेपर्यंत वाढू देऊन मग तोडण्याची व्यवस्था असते व बॅटरीच्या दाबातील फेरबदलांची भरपाई नियंत्रक स्वतःच करतो. वेटोळ्याच्या उच्च दाबाच्या बाजूस तर रोध मुद्दाम घातलेला असतो. रेडिओतील खरखर टाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ठिणगी गुडदीतील रोधकाचे मूल्यच सु. ५,००० ओहम असते. ज्या मंडलात हजारो ओहम हेतुपुरस्सर ठेवले आहेत, त्यात ओहमच्या सहस्रांशाने झालेली घट निरर्थक ठरते.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पेट्रोल व हवा यांचे योग्य प्रमाणातील स्थिर मिश्रण पेटण्यास अनुकूल स्थितीत मिलिज्यूलचा चौथा हिस्साही साधारणपणे पुरतो. सिलिंडरातील हवेची खळबळ, मिश्रणातील विषमता व गुडदीची झीज यांसाठी ठिणगीची ऊर्जा त्याच्या शेकडो पट ठेवलेली असते. मिश्रण वेळेवर पेटल्यानंतर ठिणगीतील अधिक ऊर्जा एंजिनाच्या शक्तीत भर घालीत नाही. ३०० घ. सेंमी. क्षमतेच्या सिलिंडरात पूर्ण भारावर एका वेळी शिरणाऱ्या इंधनापासून सु. १,००० ज्यूल उष्णता निर्माण होते. ठिणगीचे ५० मिलिज्यूल हा तिचा वीसहजारावा भाग आहे. शक्ती इंधन व हवा यांपासून मिळते. ठिणगीचे काम केवळ आरंभ करण्याचे आहे. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

संवेदक व नियंत्रक : आधुनिक गाडीत इंधनाचे प्रमाण व प्रज्वलनाची वेळ ठरविणारा इलेक्ट्रॉनीय नियंत्रक अनेक संवेदकांकडून येणाऱ्या संदेशांवर अवलंबून असतो. हे संदेश फार अल्प दाबाचे असू शकतात. उदा., निष्कास वायूतील ऑक्सिजन मोजणाऱ्या सर्वसाधारण संवेदकाचा दाब ०·१ ते ०·९ व्होल्ट या मर्यादेत बदलतो. हा संवेदक १९७६ मध्ये व्होल्व्हो गाड्यांत प्रथम आला. त्याच्या एकतारी प्रकारात संदेशाचा परतीचा मार्ग निष्कास नळी व एंजिन यांतूनच जात असे. अशा गाडीत सांध्यावरील गंजामुळे संदेश चुकीचा होऊन इंधनाचे प्रमाण बिघडू शकत असे. जादा तारांच्या समर्थनार्थ देण्यात येणाऱ्या युक्तिवादांपैकी हा सर्वांत सयुक्तिक आहे. परंतु पुढील काळात याच कारणासाठी संवेदकांना नियंत्रकापर्यंत जाणारी स्वतंत्र परतीची तार देण्यात आली. तिच्यातून दिव्यांचा वा आरंभक चलित्राचा मोठा प्रवाह जात नाही. एंजिन व सांगाडा यांना बाहेरून जोडलेल्या तारेचा या मार्गाशी संबंध येत नाही.

रेडिओच्या उच्च कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या) उपद्रवी तरंगांबाबत स्थिती वेगळी आहे. या कंप्रतेस तारेच्या रोधापेक्षा तिचे प्रवर्तकत्व (प्रवाहातील बदलास विरोध करण्याचा गुणधर्म) महत्त्वाचे ठरते व ते लांब गोल तारेत अधिक, तर आखूड रुंद पट्टीत कमी असते. म्हणूनच एंजिनावरील झाकण व सांगाडा यांना काही गाड्यांत आखूड विणलेल्या पट्ट्या जोडतात. त्यांचा हेतू रेडिओतील खरखर कमी करणे हा असतो. शक्ती वाढविणे हा नसतो.

बिघडलेले भूसंपर्कन : जोडाचा रोध वाढल्यावर चित्र पूर्णपणे पालटते. तांबे, पोलाद, ॲल्युमिनियम व शिसे या भिन्न धातूंच्या सांध्यांत ओलावा शिरला की, विद्युत् रासायनिक क्रियेने गंज चढतो. कोकण किनारपट्टीसारख्या खाऱ्या व दमट हवेत हा दोष लवकर उद्भवतो. रंगाच्या थरावर बसविलेला बोल्ट, तुटलेले धागे असलेली पट्टी व एंजिनाच्या दुरुस्तीनंतर जोडावयाची राहून गेलेली तार, ही इतर कारणे होत.

जोडाचा रोध २० मिलिओहमपर्यंत वाढला, तर १५० अँपिअर प्रवाहास ३ व्होल्टची घट होईल. प्रत्यक्षात तितका प्रवाह वाहूच शकत नाही व आरंभक चलित्र मंद फिरते किंवा जागचे हलत नाही. काही वेळा हा प्रवाह दुसरी वाट शोधतो. प्रवेगकाची किंवा क्लचची पोलादी दोरी एंजिन व सांगाडा या दोहोंना टेकलेली असल्यास ती तापून लाल होते, तिचे वेष्टन जळते आणि ती जागीच अडकते. चालत्या गाडीत प्रवेगकाची दोरी अडकल्यास अपघात ओढवू शकतो. बॅटरी व जनित्र यांदरम्यानच्या मार्गात अर्ध्या व्होल्टची घट झाली, तरी बॅटरी पूर्ण भारित होत नाही. दिव्यांवर होणारा परिणाम डोळ्यांना दिसतो : तंतू असलेल्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या सु. ३·४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. ५५ वॉटच्या हॅलोजन दिव्याच्या भूसंपर्क जोडात ०·१४ ओहम रोध आल्यास सु. ०·७ व्होल्ट, म्हणजे सु. ५ टक्के दाब घटतो व प्रकाश सु. १६ टक्क्यांनी कमी होतो. नियंत्रकाचा स्वतःचा भूसंपर्क सैल झाल्यास एंजिन मधूनच अडखळते, धोक्याचा दिवा लागतो व दोष शोधणे कठीण जाते. अशा गाडीला नवी जाड तार जोडली असता झालेली सुधारणा खरी असते. मूळ जोड उघडून साफ केल्यावरही सर्वसाधारणपणे तेवढीच सुधारणा होते.

सुधारणा जाणवण्याची कारणे : सुस्थितीतील गाडीतही तारा बसविल्यावर फरक जाणवल्याचे अनेक चालक प्रामाणिकपणे सांगतात. त्याची काही कारणे देता येतात. (१) तारा बसविताना बॅटरीची अग्रे व बोल्ट उघडून घासले व पुन्हा आवळले जातात. दडलेला लहानसा दोष असल्यास तो या साफसफाईनेच नाहीसा होतो. (२) बॅटरी काही काळ अलग केल्यामुळे बऱ्याच गाड्यांत नियंत्रकाने साठविलेल्या इंधनविषयक दुरुस्त्या पुसल्या जातात. पुढील काही दिवस नियंत्रक त्या नव्याने शिकतो व त्या काळात एंजिनाची वागणूक थोडी वेगळी भासते. (३) पैसे व श्रम खर्चिले असता सुधारणेची अपेक्षा निर्माण होते व चालक नकळत निराळ्या रीतीने गाडी हाकू लागतो. (४) हवेचे तापमान रोज बदलते व त्याबरोबर एंजिनाची शक्तीही बदलते.

शक्तीची चाचणी : एंजिनाची शक्ती शक्तिमापकावर मोजतात. आंतरराष्ट्रीय मानक १५८५ नुसार मोजलेली शक्ती २५° से. तापमान व ९९ किलोपास्काल शुष्क हवेचा दाब या प्रमाणित स्थितीस अनुसरून दुरुस्त करावी लागते. ठिणगी-प्रज्वलन एंजिनासाठी या मानकातील सूत्राप्रमाणे शोषलेल्या हवेचे तापमान १०° से.ने बदलल्यास शक्तीत सु. २ टक्के फरक पडतो. म्हणजे दुपारी व रात्री केलेल्या चाचण्यांतील फरक वर काढलेल्या अपेक्षित लाभाच्या हजार पटींहूनही मोठा असू शकतो. यामुळे तारा जोडण्यापूर्वी एकदा व नंतर एकदा केलेली चाचणी ग्राह्य धरता येत नाही. एंजिनाचे तापमान स्थिर ठेवून, आधी तारांविना, मग तारांसह व पुन्हा तारांविना, अशा क्रमाने प्रत्येकी अनेक वेळा मापन करावे लागते. प्रत्येक बदलाच्या वेळी बॅटरी सारखीच अलग करावी लागते आणि शक्य तर तारा जोडलेल्या आहेत की नाहीत, हे चाचणी घेणाऱ्यास ठाऊक नसावे लागते. भारतात वाहनांच्या अधिकृत चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था पुणे येथे आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचविण्याचा दावा करणाऱ्या नाना प्रकारच्या शंभराहून अधिक साधनांचे मूल्यमापन केले; त्यांपैकी फारच थोड्यांपासून लाभ आढळला व तोही अल्प होता.

भूसंपर्काची तपासणी : जादा तारेची गरज आहे किंवा नाही, हे तार विकत घेण्यापूर्वीच साध्या व्होल्टमापकाने ठरविता येते. मापकाचे एक टोक बॅटरीच्या ऋण अग्राच्या शिशाच्या खुंटीवर व दुसरे एंजिनाच्या ठोकळ्याच्या स्वच्छ धातूवर टेकवितात. एंजिन चालू ठेवून पुढचे दिवे व पंखा लावले असता दाबघट ०·१ व्होल्टपेक्षा कमी असावी. नंतर आरंभक चलित्र फिरवून हेच मापन करतात. या वेळी सु. ०·२ व्होल्टपर्यंतची घट समाधानकारक समजतात. त्यानंतर एक टोक सांगाड्यावर ठेवून दोन्ही मापने पुन्हा घेतात. घट अधिक आढळल्यास मापकाचे टोक एकेका जोडावरून सरकवीत गेल्यास सदोष सांधा सापडतो. केवळ रोधमापक वापरून ही तपासणी करणे योग्य नाही. तुटलेल्या पट्टीचा एकच धागा शिल्लक असला, तरी रोधमापक तिला निर्दोष ठरवितो. मोठा प्रवाह वाहू लागल्यावरच तिचा दोष उघड होतो. उपाय म्हणून जोड सोडवून धातू चमकेपर्यंत घासणे, घट्ट आवळणे, वरून ग्रीज लावणे आणि झिजलेली पट्टी बदलणे एवढे बहुधा पुरेसे होते. काम करताना बॅटरीची ऋण अग्राची तार सर्वांत आधी काढतात व सर्वांत शेवटी जोडतात. त्यामुळे हत्यार सांगाड्याला टेकून लघुमंडल होण्याचा धोका टळतो.

संभाव्य हानी : जादा तारा नेहमीच निरुपद्रवी असतात, असे नाही. निष्कास नळीजवळून किंवा फिरत्या पट्ट्याजवळून नेलेली तार वितळते वा तुटते आणि तिचे मोकळे टोक धन अग्राला लागल्यास आग लागू शकते. अनेक आधुनिक गाड्यांत बॅटरीच्या ऋण अग्रावरच प्रवाह मोजणारा संवेदक असतो. त्यातील अल्परोधी पट्टीतून जाणाऱ्या प्रवाहावरून नियंत्रक बॅटरीची स्थिती ठरवितो आणि थांब्यावर एंजिन आपोआप बंद करावे की नाही, याचा निर्णय घेतो. जादा तार थेट ऋण खुंटीला जोडल्यास प्रवाहाचा काही भाग संवेदकाला वगळून जातो व बॅटरीचा हिशेब चुकतो. याहून मोठी हानी म्हणजे मूळ दोष झाकला जाण्याची. गंजलेला जोड तसाच ठेवून त्याला समांतर तार जोडली, तर ती तार सैल होईल त्या दिवशी जुना बिघाड पुन्हा, बहुधा अधिक वाढलेल्या रूपात, प्रकट होतो.

विद्युत् व संकरित गाड्या : या गाड्यांत चाके फिरविणाऱ्या चलित्राचे उच्च दाबाचे मंडल सांगाड्यापासून हेतुपुरस्सर विलग ठेवलेले असते व त्याच्या निरोधनावर सतत देखरेख असते. त्याच्या तारा बहुधा नारिंगी रंगाच्या असतात. दिवे, नियंत्रक इत्यादींचे १२ व्होल्टचे मंडल मात्र पूर्वीप्रमाणेच सांगाड्यातून पूर्ण होते व त्याच्या जोडांची निगा वर सांगितल्याप्रमाणेच राखावी लागते. उच्च दाबाच्या भागाला कोणतीही बाहेरची तार जोडणे प्राणघातक ठरू शकते. त्यावरील काम प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करावयाचे असते.